माझ्या हातचा गिलावा

शनिवार, ११ सप्टेंबर २०१०

ही वही खरं तर बोल्स क्लबचे, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाचे, गुण लिहायला आणली होती. पण गेल्या शनिवारच्या भूकंपात क्लबची हिरवळच मधोमध फाटली, आता गुण कसले लिहिता. सरकारी विम्याच्या फोनवरची बाई म्हणाली, "काय मोडलं आणि कधी मोडलं ते तारखेसकट लिहून ठेवा, डेस. पुढे उपयोगी पडतं." घराचा आगीचा विमा असला की त्यातच भूकंपाचा सरकारी विमा येतो, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. हप्ते मात्र चाळीस वर्षं भरतोय.

तर ४ सप्टेंबर, पहाटे चार पस्तीस. धुराडं पडलं. माझी बायको नोलीन, तिच्या आईची काचेची भांडी गेली, सगळीच्या सगळी. भिंतींत आणि छतांत मिळून चौदा भेगा पडल्या. सगळ्यांत मोठी हॉलच्या छतात, दारापासून दिव्यापर्यंत.

चव्वेचाळीस वर्षं मी या शहरात गिलाव्याची कामं केली. या घराचा गिलावा लग्नाच्या वर्षी माझ्या हातांनी केलाय. ती भेग बघत जेवायचं म्हणजे घास उतरत नाही. आज शिडी लावली आणि भरून टाकली.

नोलीन कपड्यांनिशी झोपते आणि बारीकशा धक्क्यालाही माझा दंड धरते. बायकोचा स्वभाव मुळातच घाबरट. मी बूट घालून झोपतो, पण ते कंबरेमुळे. वाकून नाड्या बांधणं आता जमत नाही.

रविवार, १९ सप्टेंबर

चौदाच्या चौदा भेगा भरून झाल्या. घासून, रंग देऊन. सूर्य तिरका आला तरी रेघ दिसत नाही.

समोरचा ऑब्री सकाळी येऊन बघून गेला. त्यानं जन्मभर जुन्या गाड्या विकल्या. स्वतःच्या घरात त्यानं एकेका भेगेशेजारी लाल खडूनं बाण काढलेत, केसाएवढी चीर असली तरी. म्हणाला, "गाढवा, परीक्षक यायच्या आधी पेपर पुसून काढलास की! फोटो तरी काढलेस का?"

"घर बघायला माणसं येणार, तर घर नीटनेटकं नको?"

"ती घर बघायला नाही येत रे, मोडलेलं घर बघायला येतात."

नोलीननं ऑब्रीला दुसरा कप चहा दिला. एरवी ती त्याला पहिलाही देत नाही.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

शेवटी माणूस आला. केल्विन नावाचा, निवृत्त पोलीस. नोलीननं चीज घातलेले स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, केले होते. त्यानं फाइल उघडली आणि म्हणाला, "भेगा दाखवा."

मी म्हटलं, "तुम्हीच शोधा."

हे मी म्हणायला नको होतं, आता कळतंय. पण त्या क्षणाला मजा वाटली. त्यानं टॉर्च मारला, हात फिरवला, खुर्चीवर चढला. "इथं कुठं होती का?" "नाही." "मग इथं?" "नाही." शेवटी हसून म्हणाला, "हरलो बुवा. जादू आहे तुमच्या हातात."

नोलीन म्हणाली, "अरे, दाखव ना त्यांना. दिव्यापासून ते—"

"नोलीन, स्कोन गार होतायत."

मग मी केल्विनला सांगितलं, आमचं ठीक चाललंय, नदीपलीकडे लोकांच्या घरात चिखल शिरलाय, त्यांचं आधी बघा. यात माझं काय चुकलं? आईनं आम्हाला असंच वाढवलं. पानात कमी पडलं तरी मागायचं नाही.

जाताना त्यानं नियम समजावला. एका भूकंपात घराचं एक लाख डॉलरपर्यंतचं नुकसान असेल तर सरकार घर दुरुस्त करून देतं. त्यावर गेलं तर खासगी विमा कंपनी येते, आणि घर पार कामातून गेलेलं असेल तर पैसे घेऊन माणूस मोकळा होतो. आमच्या कागदावर त्यानं लिहिलं, 'दिसण्याजोगं नुकसान नाही, धुराडं वगळता.' चार स्कोन खाल्ले.

संध्याकाळी नोलीननं उशी उचलली आणि अंगणात उभ्या असलेल्या आमच्या कॅरव्हॅनमध्ये, गाडीला जोडायच्या त्या चाकांवरच्या खोलीत, झोपायला गेली. म्हणाली, तिथली गादी पाठीला बरी पडते.

रविवार, २६ डिसेंबर

नाताळचा दुसरा दिवस आणि पुन्हा जोराचा धक्का. हॉलची भेग त्याच जागी उघडली. भरली.

रविवार, २७ फेब्रुवारी २०११

पाच दिवस वही उघडली नाही. मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला भूकंपात शहराचा मध्य कोसळला, ते सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडे टीव्ही नव्हता, वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं आणि बागेत जमिनीतून उसळून आलेला गुडघाभर राखाडी गाळ.

नोलीन शहरात गेली होती, नातवाच्या स्वेटरला बटणं आणायला. चालत घरी आली. चार तास लागले. मी पुलापर्यंत गेलो तेव्हा समोरून येताना दिसली. एका पायात बूट होता, अंगभर सिमेंटची धूळ, आणि बटणांची पुडी मुठीत.

ती येईपर्यंत मी काय केलं ते प्रामाणिकपणे लिहितो. लॉनवर बसून होतो. घरात जाऊन गॅसचा नळ बंद करायला हवा होता. शेवटी ऑब्रीनं आत जाऊन केला. मी म्हटलं, माझ्या डोळ्यात गाळ गेलाय.

घर उभं आहे. हॉलच्या छतातली ती एक भेग सोडली तर माझा गिलावा जागचा हललेला नाही. ऑब्रीचं घर मात्र म्हातारा बाकावर कलतो तसं कललंय. नोलीन घरात पाऊलही टाकत नाही. मी दारातून तिला चहा देतो, ती कॅरव्हॅनच्या पायरीवर बसून पिते.

रविवार, २० मार्च

नळाची गळती बघायला आज घराखालच्या पोकळीत शिरलो. पोटावर सरपटत, गाळातून.

इथं मी खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही. पाया तुटलाय. काँक्रीटची कड दोन ठिकाणी आरपार फुटलीय, एका फटीत माझी अख्खी मूठ गेली. पूर्वेची बाजू निदान चार बोटं खाली बसलीय. वरचा गिलावा एवढा चांगला आहे म्हणून वर काही दिसत नाही. खाली मात्र कुठल्याही शिकाऊ गवंड्याला एका नजरेत कळेल की हे घर गेलं.

किती वेळ तिथं पडून होतो कुणास ठाऊक. एक बारीक धक्का आला, तेव्हा बाहेर कसा आलो ते आठवत नाही. कोपरं सोलवटली.

बाहेर नोलीन उभी होती. "काय दिसलं?"

"ठणठणीत आहे."

"तू स्वतः पाहिलंस?"

"मग काय शेजाऱ्यानं पाहिलं? पोटावर गेलो होतो."

तिनं माझ्या सोलवटलेल्या कोपरांवरची माती झटकली. मग म्हणाली, "तू म्हणतोस म्हणून हं, डेस. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर नाही." आणि उशी घेऊन आत आली. जवळजवळ चार आठवड्यांनी घरात. रात्रीच्या जेवणाला तिनं मटणाचा खिमा आणि बटाटे केले आणि आम्ही टेबलावर बसून खाल्ले.

का खोटं बोललो? एक तर ती कॅरव्हॅनच्या पायरीवर बसलेली मला बघवत नव्हती. दुसरं म्हणजे, हे घर गेलं तर माझ्यापाशी दाखवायला काय उरतं? तिसरंही एक कारण आहे, पण ते मला नीट सांगता येत नाही.

गुरुवार, २४ मार्च

हॉलची भेग पुन्हा भरली. बाहेरून दिसणारी पायाची फटही सिमेंटनं भरली, वरून रंग दिला. झुडूप आडवं येतं, तरी दिला.

बुधवार, १५ जून

परवा पुन्हा दोन मोठे धक्के. पहिला एकला. दुसरा दोन वीसला, आणि त्या वेळी नोलीन न्हाणीघरात होती. दार आवळलं. ती आतून ढकलते, मी बाहेरून ओढतो, दार जागचं हलेना. पहार आणायला शेडपर्यंत धावलो. सबंध चाळीस मिनिटं ती आत होती आणि घर सारखं करकरत होतं.

मी चौकट उचकटत असताना तिनं आतून विचारलं. ओरडून नाही, अगदी हळू. "डेस, पाया ठीक आहे ना रे?"

मी म्हटलं, "ठीक आहे. मागे हो."

चौकटी आवळतात त्या घर पिळवटलं की. पाया ठीक असता तर दार उघडलं असतं. हे मला पहार मारताना ठाऊक होतं आणि तरीही तोंडातून तेच निघालं. एकदा म्हटलेलं परत कसं घ्यायचं, तेही दाराआडून?

ती पुन्हा कॅरव्हॅनमध्ये गेलीय. मी माझा पलंग पुढच्या दाराशी ओढलाय. तिथं हवा चांगली येते. घरातली सगळी दारं काढून शेडमध्ये ठेवली, रंधा मारायचाय म्हणून. मारेन सावकाश.

शुक्रवार, २४ जून

सरकारनं नकाशा काढला. नदीलगतची जमीन लाल, तिथली घरं सरकार विकत घेणार आणि सगळ्यांनी निघून जायचं. बाकीची हिरवी. रेघ आमच्या रस्त्याच्या मधून जाते. समोरची बाजू लाल, आमची हिरवी.

ऑब्री बिअर घेऊन आला. "अभिनंदन, डेस! तुझी जमीन राहायला उत्तम आहे असं सरकार म्हणतंय. मी चाललो नेल्सनला."

नोलीन हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. म्हणाली, "आपण घर शोधत होतो तेव्हा समोरचंही विकायला होतं. तूच म्हणालास, या बाजूला ऊन चांगलं येतं."

तिला टिमारूला फिलिपाकडे जायचंय. लेकीनं मागची खोली आमच्यासाठी रिकामी करून ठेवलीय. पण विम्याचा दावा अर्धवट असताना हे घर कोण घेणार? आणि घर विकल्याशिवाय आम्ही दोघं म्हाताऱ्यांनी नवं आयुष्य कशावर मांडायचं? नोलीनची सगळी मदार आता दुसऱ्या तपासणीवर आहे. ती म्हणते, जूनच्या धक्क्यानंतर नुकसान लाखाच्या वर गेलंच असणार, न्हाणीघराचं दारच सांगतंय. घर कामातून गेलं असं एकदा ठरलं की आपण सुटलो.

मी मान हलवतो. ती बरोबर आहे हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गुरुवार, १८ ऑगस्ट

आज सांगणार होतो. सकाळपासून वाक्य जुळवत होतो.

आलेली मुलगी इंजिनिअर, रोइमाता नावाची, तिशीच्या आत. कामाची. दारं नाहीत हे तिनं आल्या आल्या टिपलं, जमिनीवर गोटी सोडून बघितली. गोटी पूर्वेच्या भिंतीपर्यंत आपण होऊन गेली. मग बाहेर आली, पायाच्या कडेनं फिरली, माझ्या सिमेंटवरून तिचा हात गेला आणि पुढे गेला. पोकळीचं झाकण तिनं उघडलं, तर आत पाणी साचलेलं. अशा वेळी आत जायची त्यांना परवानगी नाही.

"खाली कुणी गेलं होतं का?" तिनं विचारलं.

"मी गेलो होतो. मार्चमध्ये."

"काय दिसलं?"

नोलीन चहाचा ट्रे घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिच्यासमोर काय सांगू? की तुला मी मार्चमध्ये फसवलं? की जूनमध्ये तू आत अडकली होतीस तेव्हाही?

"विशेष काही नाही," मी म्हटलं.

रोइमाता म्हणाली, "तुम्ही बांधकामातले आहात, म्हणून तुमचं म्हणणं तसंच लिहून घेते."

शुक्रवार, ३० सप्टेंबर

पत्र आलं. मर्यादेच्या खाली. दारं पुन्हा बसवणं, जमीन थोडी सारखी करणं, रंगकाम. आमचा नंबर २०१४ मध्ये लागेल, कदाचित २०१५.

नोलीननं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "म्हणजे ते येऊन रंग देणार. आणि आपण इथंच." मग कॅरव्हॅनमध्ये जाऊन तिनं दार लावून घेतलं. तिला रडताना मी ऐकलं. कॅरव्हॅनचे पत्रे पातळ असतात. मी बाहेरच उभा होतो.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

फोन केला. म्हटलं, नुकसान जास्त आहे, मी भरून टाकलं होतं, पुन्हा तपासा. या वेळची बाईही चांगली होती. म्हणाली, "तपासू. पण प्रत्येक भूकंपाचा दावा वेगळा असतो, डेस. कुठलं नुकसान कुठल्या धक्क्यात झालं ते दाखवावं लागेल."

"म्हणजे प्रत्येक भेगेचा जन्मदाखला?"

ती हसली. "तसंच समजा. फोटो आहेत?"

"नाहीत."

"सामान आणल्याच्या पावत्या?"

"सगळं शेडमध्येच होतं."

"त्या काळात काही लिहून ठेवलंय का कुठं?"

मग म्हटलं, "एक वही आहे."

"मग झालंच की! तिच्या प्रती पाठवा. फक्त सगळी पानं हवीत, सलग. निवडक पानं धरत नाहीत. आणि घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा वहीतला मजकूर खरा आहे म्हणून तुम्हा दोघांची सही लागेल."

म्हणजे ही वही दिली तर घर सुटतं, आणि वही द्यायची तर आधी नोलीननं वाचायची. असा कोंडमारा मी दुश्मनालाही देणार नाही.

रविवार, १६ ऑक्टोबर

तीन दिवस शेडमध्ये बसून दुसरी वही तयार करत होतो. तीन वेगळी पेनं घेतली. सप्टेंबरच्या नोंदी उतरवल्या, फेब्रुवारीही उतरवला. वीस मार्चला लिहिलं, 'खाली गेलो. पाया तुटलेला. नोलीनला लगेच सांगितलं.'

सुरेख झालं होतं, कुणालाही सांधा दिसला नसता. स्वतःचीच एवढी किळस मला कधी आली नव्हती. शेगडीत घातली.

सोमवार, १७ ऑक्टोबर

तिला दिली. म्हटलं, विम्यासाठी लागते, तू वाच आधी. तिनं चष्मा लावला आणि पहिल्या पानालाच म्हणाली, "बायकोचा स्वभाव मुळातच घाबरट? वा रे वा." मला वाटलं, चला, थट्टेवर निभावतंय.

मग ती वही घेऊन कॅरव्हॅनमध्ये गेली. हे मी वही परत हाती आल्यावर लिहितोय.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

सकाळी वाचनालय उघडल्याबरोबर तिनं स्वतः जाऊन प्रती काढून आणल्या. सगळ्या पानांच्या, अगदी बोल्सच्या गुणांच्या पहिल्या दोन पानांसकट. टेबलावर ठेवल्या, सही केली, मला पेन दिलं. मी सही केली. पाकिटावर तिकीटही तिनंच लावलं.

मी म्हटलं, "नोलीन, मला तुला सांगायचंच होतं."

"कधी?"

"योग्य वेळ—"

"डेस, घर अंगावर पडलं असतं तरी मी तुला बोल लावला नसता. भूकंपाला कोण काय करणार? पण मी आत आले ती तुझ्या शब्दावर. मला इतकी भीती वाटत होती की दाराशी पाय अडत होते, आणि तरी आले, कारण तू म्हणालास मी पाहिलंय. न्हाणीघरातसुद्धा मी म्हटलं, डेस म्हणतोय ना, मग ठीक असेल." तिचा आवाज चढला नाही. "त्रेचाळीस वर्षं तुझ्या शब्दावर चालले मी. आता सांग, त्यातला कुठला खरा धरू?"

मी पाकीट उचलून टपालपेटीकडे निघालो.

शनिवार, २२ ऑक्टोबर

जावई येऊन कॅरव्हॅन घेऊन गेला. नोलीन पुढच्या सीटवर बसली होती. फिलिपा मला म्हणाली, "बाबा, तुम्हीही चला ना." मी म्हटलं, विम्याची माणसं कधी येतील सांगता येत नाही, घरी कुणीतरी हवं.

नोलीननं काच खाली केली. मला वाटलं काही म्हणेल. म्हणाली, "फ्रीजमध्ये खिमा भरलेल्या पेस्ट्र्या आहेत. दोन आजच खा."

गुरुवार, ९ फेब्रुवारी २०१२

रोइमाता पुन्हा आली. माझ्या वहीच्या प्रती हातात होत्या, आणि पानापानांवर तिनं रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. आपलं लिहिलेलं असं दुसऱ्याच्या हातात बघणं म्हणजे उघड्यावर अंघोळ.

"दाखवता?" ती म्हणाली.

मी हातोडा घेतला. हॉलच्या छतापासून सुरुवात केली. पहिला घाव घालवेना, मग तिनंच शिडी धरली. दोन तासांत चौदाच्या चौदा उघड्या केल्या. बाहेरची पायाची फट छिन्नीनं फोडली. ती दिवा घेऊन आत सरपटली आणि बाहेर येऊन तिनं तो बंद केला.

"डेस, तुम्ही झोपता कुठं?"

"व्हरांड्यात."

"बरं करता." मग म्हणाली, "हे लाखाच्या फार वर जातं. मी तसं लिहिणार. ही वही नसती तर नसतं लिहिता आलं."

तिच्यासाठी चहा केला. तिनं मला तेव्हा खोटं का सांगितलंत असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, २ मे

सुटलो. विमा कंपनीनं मान्य केलं. घर पाडणार, पैसे देणार. शेवटचा अर्ज आला तो मी भरला. 'सध्या घरात राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात हातानं आपोआप दोन लिहिलं. मग खोडून एक केलं. तळाला बारीक अक्षरात छापलं होतं, खाडाखोड असल्यास दोन्ही मालकांनी शेजारी सही करावी. अर्ज टिमारूला पाठवला. त्याला आठ दिवस झाले.

आज दुपारी नोलीनचा फोन आला. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा. पहिला नाताळला, पाच मिनिटांचा.

"ते दोनचं एक केलंयस ना, त्याच्यापुढे सही केली मी," ती म्हणाली. "पण ते एक तरी बरोबर आहे का? मागच्या महिन्यात फिलिपा तुझे स्वेटर घेऊन आली होती, ती म्हणाली तू व्हरांड्यात झोपतोस. थंडीतसुद्धा. बूट घालून."

"हवा चांगली असते."

"हिवाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात?"

मी काहीतरी म्हणणार होतो, कंबर किंवा हवा किंवा दारांना रंधा. समोर हॉलचं उघडं छत होतं, दारापासून दिव्यापर्यंतची ती भेग. म्हटलं, "मला आत भीती वाटते."

मग, "कधीपासून?"

"चार सप्टेंबरपासून."

"कुठल्या वर्षाच्या?"

"पहिल्या."

फिलिपाच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक मला इथं ऐकू येत होती. मग नोलीन म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला, "मग वीस महिने मला एकटीला घाबरट का ठरवलंस रे?"

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.